कोपऱ्यातला काळा चौकोन

६ जुलै

काढले! सहा फोटो. आर्डिथबाई झोपल्या होत्या, तोंड अर्धवट उघडं, आणि मी त्यांच्या पायाशी उभी राहून त्यांच्याच अंगावरच्या गोधडीचे फोटो काढले. भेटायला गेले होते म्हणे, हातात लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन. लाज वाटली. पण हात थांबले नाहीत.

धावदोरा घालायला मला आर्डिथबाईंनीच शिकवलं, चाळीस वर्षांपूर्वी, चर्चच्या तळघरात. पण ही गोधडी त्यांनी कधी आमच्या गोधडी मंडळात आणली नाही की जत्रेतल्या प्रदर्शनात मांडली नाही. कुणी विचारलं तर "ती घरातली आहे," एवढंच. आता वृद्धाश्रमात आहेत, माणसं ओळखत नाहीत. हुबेहूब तशी मी शिवून मांडली तर कुणाला कळणार आहे?

७ जुलै

फोटो मोठे करून बघितले. बेचाळीस चौकोन. प्रत्येकात गडद पट्ट्या चारी बाजूंनी आत आत जातात आणि अगदी मधोमध बोटभर पिवळा तुकडा. लांबून साधंच वाटतं. पण बघत राहिलं की आपण कुठेतरी खूप खोल बसून वर बघतोय असं होतं. मला हे जन्मात सुचलं नसतं!

एकच चौकोन वेगळा. खाली, डाव्या कोपऱ्यात. त्याच्या मधला तुकडा काळा. ही मुद्दाम केलेली चूक असणार. आमच्या आज्या गोधडीत एक चौकोन हटकून चुकवायच्या – बिनचूक काम देवानं करायचं, आपण नाही. पण जत्रेतल्या परीक्षकबाईंना आज्यांशी काय देणंघेणं? गुण कापतील. मी तिथे पिवळाच लावणार.

११ जुलै

मार्लिसचा फोन. मंडळाची अध्यक्ष, घरात पहिल्या बक्षिसाच्या अकरा निळ्या फिती. "काय बर्नीस, यंदा काही मांडणार आहेस, की नेहमीसारखी कॉफीच वाटणार?"

एकोणीस वर्षं मांडतेय मी. एकदा तिसरी आले. तेव्हा गोधड्याच तीन होत्या.

रागारागात कापड कापायला घेतलं. दुपारभर स्वतःशी भांडले. नऊ ठिगळांची नक्षी कुणाच्या बापाची आहे? ताऱ्याची कुणाची? सगळ्या एकमेकींचं बघूनच तर शिवतो. पण त्या नक्ष्या कुणी काढल्या ते कुणालाच ठाऊक नाही. ही नक्षी काढणारी बाई जिवंत आहे, पलंगावर आहे, तिनं मला दोरा ओवायला शिकवलंय. हे मला कळतं. कळतं आणि तरी कापतेय.

१८ जुलै

आज आर्डिथबाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, ओळख काही दिसली नाही. म्हणाल्या, "किती झाले?"

"काय किती झाले?"

"अठ्ठावीस," असं स्वतःच म्हणून डोळे मिटून घेतले.

मिरेला – तिथली नर्स, गोड पोरगी – म्हणाली, "मनावर घेऊ नका, काहीही बोलतात." घरी आले, शिवून झालेले चौकोन मोजले. अठ्ठावीस.

२० जुलै

माझा नवरा वेन्डल दारातूनच नाक वाकडं करून म्हणाला, "अगं, शिवणखोलीत ओल कुठून आली? विहिरीवर वाकल्यासारखा वास येतोय."

तीन आठवडे पाऊस नाही. मक्याची पानं वळायला लागलीत. मी म्हटलं, तुझं नाक म्हातारं झालंय. तो गेल्यावर मलाही वास आला. कापडाला येतोय.

मका आता डोक्यावर गेलाय. खिडकीतून तोच दिसतो. लहानपणी आई दम द्यायची – मक्यात शिरू नका, टोरासारख्या नाहीशा व्हाल. टोरा म्हणजे आर्डिथबाईंची धाकटी बहीण. पाच वर्षांची होती. ऐंशी वर्षं झाली. सगळा गाव हातात हात धरून मक्यातून फिरला होता म्हणे. सापडलीच नाही. आज हे का आठवावं?

२६ जुलै

झाला! बेचाळिसावा. कोपऱ्यातला. पिवळा तुकडा बसवताना सुई दोनदा मोडली. घड्याळात चार वाजले होते. शेवटचा टाका पडला आणि खोलीतला वास एकदम गेला. एवढं हलकं वाटलं की मी एकटीच हसले.

२७ जुलै

मिरेलाचा फोन. आर्डिथबाई कालपासून ओरडताहेत, औषधानंही थांबत नाहीत. "एकच वाक्य आहे त्यांचं. 'झाकण कुणी काढलं?' तुम्हाला काही कळतंय का?"

"कधीपासून?"

"काल दुपारी चारपासून."

मी म्हटलं, मला काय कळणार.

३१ जुलै

सगळे थर टाचून झाले, काठ लावला, प्रवेशअर्ज भरला. अर्जात विचारलंय – नक्षी कुणाची? स्वतःची, की दुसऱ्याची? दुसऱ्याची असल्यास नाव लिहा. पेन धरून बसले. कॉफी गार झाली. 'स्वतःची'वर खूण केली.

जत्रा होऊ दे. मग मार्लिसला सगळं सांगून टाकीन.

८ ऑगस्ट

निळी फीत!!

मांडवात लोक माझ्या गोधडीपुढे थांबत होते आणि गप्प होत होते. मार्लिसनं मिठी मारली. "डांबरट! एवढं काय काय दडवून ठेवलं होतंस गं?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. तेव्हाच सांगायचं. जिभेवर आलं होतं. नाही सांगितलं.

मग परीक्षकबाईंचं कार्ड वाचलं. "टाके सुबक. रंगांची जाण उत्तम. कोपऱ्यातल्या चौकोनातून वर बघणारा इवलासा चेहरा – ही कल्पना तर विलक्षण."

मी चेहरा शिवलेला नाही. चष्मा पुसून तीनदा बघितलं. नुसतं पिवळं कापड आहे. मार्लिसला विचारलं, "तुला काही दिसतंय का गं तिथे?" ती लगेच म्हणाली, "नाही," आणि बाजूला झाली. हात चोळत होती, थंडीत चोळतात तसे. बाहेर अंगाची लाही होत होती.

१० ऑगस्ट

आर्डिथबाईंनी आज मला ओळखलं. मनगट धरलं. चमचा धरवत नाही त्या हातांना, पण मला सोडवून घेता येईना.

"तू पिवळा लावलास ना, पोरी?"

मी हो म्हटलं.

"मक्यात नव्हती गेली ती. लपंडाव खेळत होतो आम्ही. मळ्यात कोरडी विहीर होती, आत लोखंडी पायऱ्या होत्या. तिथे लपली. माझी बाहुली नेली होती तिनं, मला राग आला. म्हणून झाकण ओढलं. जरा गंमत. तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली."

"आणि मग?"

"जेवून गेले तर ओ देईना. म्हटलं, रुसली असेल. संध्याकाळी माणसं शोधायला आली. तेव्हा भीती वाटली गं. म्हटलं, उद्या सांगते. रोज म्हणायची, उद्या सांगते."

मला रडू फुटलं. त्यांना नाही. गोधडीवरून हात फिरवत म्हणाल्या, "हे एकेचाळीस, तिला खालून दिसायचं ते आभाळ. तो काळा माझा. मी ओढलेलं झाकण."

मी म्हटलं, "आर्डिथबाई, चुकले मी. ही तुमची गोधडी आहे, सगळ्यांना सांगते. नाव लावते तुमचं."

"कधी?"

"उद्या. उद्याच सांगते."

त्या हसल्या. मोठ्यानं. मग म्हणाल्या, "घेतलीस ना? मग सगळीच घे."

११ ऑगस्ट

मार्लिसकडे गेले. तिनं केक केला होता, वर निळ्या साखरेची फीत! चर्चच्या दर्शनी भिंतीवर माझी गोधडी लावायचं ठरलंय, येत्या सोमवारी घेऊन ये म्हणाली. मंडळातल्या सगळ्या जणी टाळ्या वाजवत होत्या. एकोणीस वर्षांत माझ्यासाठी पहिल्यांदाच.

नाही सांगितलं. उद्या.

१२ ऑगस्ट

विहिरीचंही कुणाला तरी सांगायला हवं. मळा आता दुसऱ्यांचा आहे. पण विचारतील, तुला कसं कळलं? आणि मग गोधडीचं निघेल.

१३ ऑगस्ट

नाही.

१५ ऑगस्ट

आर्डिथबाई गेल्या. सकाळी नऊला. मिरेला म्हणाली, परवापासून ओरडणं थांबलं होतं, लहान मुलीसारख्या गुणगुणत होत्या, अगदी खुशीत.

त्यांची मुलगी कॅरिन आली. "आईला तिच्या गोधडीसकट पुरायचंय. तूच नीट तिच्या अंगावर घाल, बर्नीस. तुला तिनंच शिकवलंय सगळं." माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुझ्या फितीचं ऐकलं. आईला किती आनंद झाला असता!"

मी थँक्यू म्हटलं.

१७ ऑगस्ट

गोधडी मीच त्यांच्या अंगावर घातली. कडा सारख्या केल्या, खालचा डावा कोपरा आत खोचायला उचलला. पिवळा. विटलेला, कितीदा धुतलेला, आर्डिथबाईंच्या बारीक टाक्यांनी बसवलेला पिवळा. बाकीच्या एकेचाळिसांसारखाच. फोन काढून ६ जुलैचे फोटो बघितले. सहाही फोटोंत पिवळा आहे.

घरी आले. माझी गोधडी जेवणाच्या टेबलावर घडी करून ठेवलेली, निळी फीत तशीच टाचलेली. उलगडली.

कोपऱ्यातला काळा आहे. टाके माझेच आहेत.