चार बोटं आत

ल्यूकन, आयर्लंड

ती. अप्पा,

लांबूनच पाया पडते. आम्ही सगळे मजेत आहोत. ज्ञानेशदादा तुमच्या हाताचे व्यायाम रोज करून घेतो ना?

झटक्यानंतर शब्द फुटत नाही की तुम्ही चिडून फोन ठेवता, म्हणून लिहितेय. तुमच्यासाठी इथे मागच्या अंगणात लाकडी खोली उभी राहिलीय, इकडे आलात की जिना चढायला नको. खोली काँक्रीटच्या बुटक्या खांबांवर आहे. खालून वारा शिरतो, आतली जमीन गारठते. म्हणून खांबांना भोवतीनं फळ्या मीच मारायला घेतल्या. सुताराची मुलगी ना मी!

तुमचंच ऐकलं, भोक कडेपासून चार बोटं आत. तरी ड्रिल लावला की कोपरा उडतो. तीन खांबांचे कोपरे फुटले, अप्पा. काल फळी मांडीवर घेऊन चिखलात बसले आणि हमसून हमसून रडले. मग लक्षात आलं, मी माझी बोटं लावून मोजत होते. तुमची रंधा धरून जाड झालेली, माझी कीबोर्डवरची.

अजून तीन खांब उरलेत. तुमच्याशिवाय मला ही खोली पुरी करता येत नाही.

सोबत कोरा कागद ठेवलाय. त्यावर हात ठेवून पेन्सिलीनं बोटं आखून पाठवा. उजवा अजून उघडत नसेल तर डावा चालेल.

तुमची,
पूर्णिमा