निंबापाशी साडेचार फूट

४ मे, रविवार
सकाळीच सेठजींचा फोन. जालन्याच्या मोंढ्यात त्यांची आडत. आमच्या गावची ज्वारी, तूर त्यांच्या आजोबांपासून त्यांच्याच दारात उतरते.
"म्याडम, सभेत आपण बोलल्या, मी उठलो. आता माघारी बसायचं न्हाई. गाडी मी देणार, पसंत आपण करायची. पण बराबर करा. नंतर हे कमी, ते कमी, मी ऐकणार न्हाई."
होय म्हटलं. भाषणानं लोक हेलावतात, टाळ्या देतात, जेवायला जातात. भाषणानं गाडी आली असं तीस वर्षांत प्रथमच.

सभेत माझ्या शाळासोबती भास्करचं सांगितलं होतं. नाव न घेता. सगळ्यांना कळलंच. दोन वर्षांपासून मूत्रपिंडं निकामी, मंगळवार-शुक्रवार जालन्याला डायलिसिस. त्याची वस्ती डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर आत, मध्ये काळी चिकट जमीन. उन्हाळ्यात ट्रॅक्टर ओढ्याच्या पात्रातून ये-जा करतात. ओढ्याला पाणी आलं की उरते फक्त पांदण, शेतांमधली जुनी गाडीवाट. गेल्या श्रावणात दोन पाळ्या चुकल्या. तिसऱ्या वेळी बाजेवर घालून चौघांनी आणला, तेव्हा तोंड सुजून ओळखू येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर माझ्याकडे आणू नका.

सभेनंतर एकानं विचारलं, "बाई, रस्ता मागायचा सोडून गाडी का मागितली?" उत्तर दिलं. चांगलं दिलं. खरं नव्हतं.

६ मे, मंगळवार
भास्करसोबत जालन्याला. गाडी त्याच्यासाठी, तर त्यालाच विचारावं.
"काय काय पाहिजे गाडीत?"
"भोंगा पाहिजे. जोराचा. तुझ्या भाषणावर दाबायला."
"नीट सांग."
"मला बसून न्या. झोपवून नेऊ नका. आडवा माणूस दिसला की बाया पदर डोळ्याला लावतात. मी अजून हाय."
लिहून घेतलं: बसून. कमल, त्याची बायको, खिडकीबाहेर बघत होती. मानेनं नाही म्हणाली. त्याला दिसू न देता.

९ मे, शुक्रवार
संभाजीनगरला एकटी गेले. ज्याला ते लोक साइड बाय साइड म्हणतात ती गाडी पाहिली. चार जाड खाचदार चाकं, जीपसारखं स्टेअरिंग, दोन माणसं शेजारी-शेजारी, मागे लोखंडी हौदा. वर पाइपांचा पिंजरा, उलटली तरी डोकं वाचावं म्हणून. विकणारा माणूस भला. शेतकऱ्याचा मुलगा वाटला.
चिखलासाठी काय बघायचं ते त्यानं सांगितलं. चारही चाकांना ताकद हवीच. शिवाय मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉक हवा, नाहीतर एक चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी तिथेच. पोट जमिनीपासून उंच हवं. पुढे विंच: रुतली तर पोलादी दोर झाडाला बांधायचा, गाडी स्वतःला ओढून काढते. (हे फार आवडलं.) रंगीत दिवे, गाणी, मऊ गाद्या नको म्हटलं. या गाडीला पासिंग नाही, डांबरीवर चालवायची नाही. चालेल. डांबरीपासून पुढे जीप आहे.
दोन प्रकार. अरुंद: दोन जागा, हौदा आखूड, रुंदी चार फूट दोन इंच. रुंद: मागे बाकं, ती दुमडली की हौदा लांब होतो, स्ट्रेचर बसतं, शेजारी एक माणूस बसतो. रुंदी पाच फूट चार इंच.
"रस्ता केवढा आहे, म्याडम?"
"गावनकाशात गाडीरस्ता आहे."
"नकाशावरचा न्हाई विचारला. टेप लावला का?"
नव्हता लावला. साठ वर्षांची बाई, त्या पांदणीवर इतकी बोलले, आणि कधी मोजली नाही.

११ मे, रविवार
टेप घेऊन गेले. एक टोक कमलनं धरलं. डांबरीपाशी अकरा फूट. पुढे नऊ. मग सात. उसाच्या सरी सुरू झाल्या तसे सहा. निंबाच्या झाडापाशी साडेचार. एका बाजूला ओढ्याची दरड, खाली दोन पुरुष खोल. दुसऱ्या बाजूला बांध.
मी परत मोजलं. तेवढंच.
कमल म्हणाली, "तुमचाच बांध हाय, बाई."
"भावाचा. दत्ताचा."
"तेच म्हणलं."
तिनं टेप गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. पाणी पिऊन जा म्हणाली नाही.

१३ मे, मंगळवार
दत्ताकडे गेले. धाकटा भाऊ, पण आता केस माझ्याहून पांढरे. त्याच्या बायकोनं, रुक्मिणीनं, चहा ठेवला. मी रुंदी सांगितली, गाडी सांगितली, दोन सरी सोड म्हटलं. अगदी हळू बोलले.
"कुणासाठी? भास्करसाठी? ज्यानं माझ्यावर तहसीलला अर्ज केल्ता?"
"आजारी आहे तो."
"तव्हा आजारी नव्हता. तव्हा चांगला साहेब घेऊन आल्ता बांधावर."
मग कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.
"आक्का, तूच लिहून दिल्तं. जुनी हद्द आठवत न्हाई म्हणून. सही तुझी हाय. आता कसं आठवून राह्यलं?"
रुक्मिणी आत गेली. मी चहा तसाच ठेवून उठले. भर उन्हात जीपसाठी उभी होते, तेव्हा दोन बायका आल्या. "बाई, पुढचं भाषण कुठं?"

१५ मे, गुरुवार
लिहायचं टाळते आहे. लिहिते.
आठ वर्षांपूर्वी भास्करनं पांदणीसाठी अर्ज केला. मंडळ अधिकारी आले. भा. म्हणाला, जुनी हद्द बाईंना ठाऊक आहे, त्यांना विचारा. खरं होतं. निंबापासून आत, आताच्या उसात, सात पावलांवर काळा चपटा दगड होता, वर तीन खुणा. शाळेतून येताना आम्ही त्यावर बसून बोरं खायचो. तो दगड, मी, भास्कर. दत्ता लहान होता, माझ्या कडेवर.
वडलांनी दगड हलवला नाही. त्यांनी फक्त नांगर हलवला. दरवर्षी एक तास, नांगराची एक रेघ. एका तासाचा कुणी जाब विचारत नाही. मग दत्तानं दगडच काढला आणि दारात धुण्याला ठेवला. रुक्मिणी त्यावर कपडे आपटते. मी त्या दारात गेली कित्येक वर्षं चहा पिते. तो दगड मी पाहिला नाही असा एक दिवस नाही.
आणि मी लिहून दिलं: आठवत नाही.
का? माहेर. एवढंच. चोविसाव्या वर्षी हक्कसोडपत्र केलं, बदल्यात जांभळं लुगडं. बहिणीनं वाटा मागायचा नसतो. मागितला की दिवाळीचं बोलावणं बंद. तेव्हापासून दर पाडव्याला दत्ता ज्वारीचं पोतं पाठवतो. सातबाऱ्यावर बायकांची नावं लावा म्हणून मी अंबड, परतूर, भोकरदनपर्यंत ओरडत फिरले आणि घरी येऊन त्या पोत्याची भाकरी थापली. त्यातली किती ज्वारी पांदणीत उगवली होती?
भा.नं त्यानंतर कधी विषय काढला नाही. एकदाही नाही.

१८ मे, रविवार
सेठजी. "म्याडम, बुधवारी ऑर्डर द्यायची. अरुंद लिहू का रुंद?"
बुधवारी सांगते म्हटलं आणि वस्तीवर गेले. जाताना वाटभर मनात जुळवत होते. अरुंद गाडी हलकी. हलकी म्हणजे चिखलात कमी रुतते. निंबापाशी निघते. कुणाशी भांडण नाही. भा.ला बसूनच जायचंय. सगळं बसत होतं. सगळं त्याला सांगितलं. मुद्देसूद.
तो बाजेवर पडून ऐकत होता.
"झालं?"
"झालं."
"भाषण झकास. पण सुले, आज तू माझ्याकडं बघून बोलली न्हाईस. नेहमी बघती."
मी चुलीकडे बघत राहिले.
"मंग अरुंदच घ्या. बसतो मी. न्हाई जमलं तर दोरीनं बांधा सीटला. खताचं पोतं बांधतात तसं." हसला. कमल भाकरी थापत होती, तिचा हात थांबला, परत सुरू झाला.

२० मे, मंगळवार
आज परतीलाही बरोबर थांबले. आजवर सोबत गेले तरी येताना मधेच घनसावंगीला उतरून माझ्या घरी जायचे. येताना काय होतं ते कधी पाहिलं नव्हतं.
डायलिसिसनंतर रक्तदाब पडतो. जीपमध्ये बसला, घनसावंगीपर्यंत बोलला, मग मान गेली. माझ्या खांद्यावर आली. वजनच नव्हतं त्या डोक्याला. कमलनं सरावानं पाय वर घेतले, चपला काढल्या, तळवे चोळू लागली. "घाबरू नका बाई. दर खेपेला असंच. त्यांना कळत न्हाई, मी सांगत न्हाई."
डांबरीला उतरवून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादीवर झोपवला. आता ओढा कोरडा आहे म्हणून.
बसून नाही. बसून कधीच नाही. कमलनं पहिल्याच दिवशी मानेनं सांगितलं होतं.

२१ मे, बुधवार
सेठजींना कळवलं: रुंद. मागची बाकं दुमडणारी. हौद्यात स्ट्रेचर अडकवायला चार कड्या, हौद्यावर ताडपत्री, पावसात तोंडावर पाणी नको. शेजारी बसणाऱ्याला धरायला दांडी. तिथे कमल बसेल. मागच्या चाकांचा लॉक. विंच. डिझेल, कारण गावात तेच मिळतं. हौदा हातानंच तिरपा करायचा हवा, बटणाचा नको; चुकून बटण दाबलं गेलं तर पेशंट खाली.
"आणि रस्ता? आपण तर साडेचार फूट म्हणल्या."
"रस्ता माझ्याकडे लागला."
"म्याडम, मी व्यापारी माणूस. पण आपण बोलल्या म्हणजे झालं." त्यांचा हा विश्वास आज टोचला.

२६ मे, सोमवार
कागद लिहिला. चार वेळा फाडला. प्रत्येक वेळी भाषण होत होतं. पाचव्यांदा सहा ओळी. जुनी हद्द निंबाच्या आत सात पावलं. दगड काढलेला आहे व कोठे आहे हे मला माहीत आहे. माझा मागचा जबाब खोटा होता. सही.
तहसीलला देण्याआधी दत्ताला वाचून दाखवायचा ठरवलं. पाठीमागून नको. गेले. ओट्यावर बसूनच वाचला. आवाज लागेना. हजारोंसमोर लागतो.
दत्ता ऐकत होता. रुक्मिणी दगडाजवळ उभी, हातात ओलं धोतर.
"झालं वाचून?"
"झालं."
"मंग दे नेऊन. आणि यंदाच्या दिवाळीला येऊ नको."
"बरं."
"पोतं बी येणार न्हाई."
"नको पाठवू."
तो उठून गोठ्यात गेला. मी थांबले. आतून म्हणाला, "तुला शेवटी भास्करच दिसला." मी म्हटलं, "नाही रे. मला तू कडेवर होतास ते दिसलं."

२८ मे, बुधवार
कागद दिला. कारकून माझा जुना विद्यार्थी. दोनदा वाचला. "बाई, हे स्वतःहून लिहिता? खोटा जबाब म्हणजे उद्या तुमच्यावरच..." शिक्का मार म्हटलं. तारीख कधी पडेल, सांगता येत नाही म्हणाला. पावसाळ्यात साहेब बांधावर जात नाहीत.
म्हणजे दिवाळीनंतर. म्हणजे एक अख्खा पावसाळा.

३ जून, मंगळवार
गाडी शुक्रवारी सकाळी येते. सेठजी स्वतः येणार, नारळ फोडणार. मी सांगितलं, सभा नको, हार नको, डांबरीवर उतरवून द्या. त्यांना आश्चर्य वाटलं.
भा.ला सगळं ठाऊक झालंय. गाव छोटं. जीपमध्ये म्हणाला, "दत्तूला त्रास देऊ नको. त्याला बहीण एकच." मग थोड्या वेळानं, "मला भोंगा सांगितलास ना?"
सांगितला आहे.

५ जून, गुरुवार
राहवलं नाही. दुपारी दत्ताकडे गेले. शिवी खायची तयारी ठेवून. दत्ता नव्हता. रुक्मिणी दारात बादलीतले कपडे नुसतेच पिळत होती.
दगड नव्हता. त्या जागी ओला काळा चौकोन. कडेनं पिवळं गवत, मधोमध गांडुळं.
"सकाळीच ट्रॉलीत घातला," रुक्मिणी म्हणाली. "एकट्यानंच. मी हात लावू का म्हणलं तर खेकसले. पहार बी नेली, विळा बी."
"कुठं नेला?"
"इचारलं न्हाई. ओढ्याकडं गेले."
ओढ्याकडे. निंब तिकडेच. दरड पण तिकडेच. दगड पुन्हा रोवायचा तरी तिकडे, दरडीखाली ढकलायचा तरी तिकडे. मी चपला घातल्या.
रुक्मिणीनं हात धरला. लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्याशी वाकून बोलणारी बाई. "वन्स, जाऊ नका. तुम्ही समोर उभ्या राह्यल्या की ते जिद्दीला पेटतील. जे करून राह्यले ते त्यांचं त्यांना करू द्या."
मी बसले. ओट्यावर, नेहमीच्या जागी. तिनं चहा केला, आज पूर्ण प्यायले. उसाकडून पहारीचा आवाज येत होता. खणण्याचा की फोडण्याचा, इतक्या लांबून कळेना. मध्येच थांबायचा. परत यायचा.
शेवटच्या जीपनं निघाले तेव्हाही येत होता.
उद्या शुक्रवार. भा.ला साडेसहाला डांबरीवर हजर असायला हवं.