थोरली, मधली की धाकटी

२७ सप्टेंबर, शनिवार, दुपारी ४
आजपासून शूटिंगचा रेकॉर्ड ठेवणार. सगळं लिहून ठेवलं की घोळ होत नाही, हे ऑफिसात ज्युनिअर लोकांना अठरा वर्षं सांगतोय. सॉफ्टवेअर कंपनीत रिलीज मॅनेजर उगीच झालो नाही.

आज रेंजवर तिन्ही बंदुका नेल्या. तिन्ही ठासणीच्या. नळीत वरून दारू ओतायची, गोळी ठेवायची, गजाने ठासायची, मागे ठिणगीची टोपी बसवायची, मग बार. थोरली लांब नळीची. मधली किट आणून मी स्वतः गराजमध्ये जोडलेली. धाकटी आखूड आणि खांद्याला फार लागते.

पहिले तीन बार फुसके. कर्ट सगळ्यांसमोर म्हणाला की रॉबी, पावडर घालायला विसरलास का. (रवींद्रचा रॉबी त्यानेच केला.) कर्ट हा रेंजचा म्हातारा ऑफिसर. वय चौऱ्याहत्तर, डाव्या हाताला तीनच बोटं. कशी गेली ते मी विचारलेलं नाही.

चौथा बार भरला आणि विजा चमकायला लागल्या. कर्टने ओरडून सांगितलं की ज्याची भरलेली असेल त्याने हात वर करायचा, समोरच्या बांधात उडवायची आणि मग घरी जायचं. पुन्हा सगळ्यांसमोर हात वर? मी टोपी काढून खिशात टाकली. टोपी नसली की पेटायला काही उरत नाही. शिवाय घोड्यावर लाल पट्टी चिकटवली. भरलेली असल्याची ती क्लबची खूण. पुढच्या शनिवारी तीच आधी उडवायची.

कुठली ते लिहीत नाही. लक्षात आहे.

२८ सप्टेंबर, रविवार
आसावरीला सांगायचं राहिलं. पहिली बंदूक घेतली तेव्हा तिची एकच अट होती, की भरलेली बंदूक घरात येणार नाही. मी अनिकाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. अनिका तेव्हा तेरा वर्षांची होती आणि हात झटकून म्हणाली होती की डॅड, यू आर सो ड्रामॅटिक.
सांगायला हरकत काहीच नाही. पण नवरात्राच्या उपासाने आसावरीचं डोकं दुखतंय. शनिवारनंतर सांगतो. तोवर सांगण्यासारखं काही उरणारही नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार, संध्याकाळी ७:३०
खंडेनवमी. काल आणि आज ऑफिसला जावं लागलं. घरी आलो तर आसावरीने बेसमेंटच्या कपाटातून तिन्ही वर आणून पूजा मांडलेली. दोन लॅपटॉप, सुऱ्या, स्नो ब्लोअरची किल्ली, आणि मध्ये थोरली, मधली, धाकटी. तिन्हींना हळदकुंकू, तिन्हींना झेंडू, तिन्हींच्या घोड्यांना लाल दोरा.
लाल पट्टी कुठेच नाही.
कुठे गेली म्हणून विचारलं असतं. पण मग पट्टी कशाची हेही सांगावं लागलं असतं. आरतीला माझा आवाज लागेना. आसावरीने निरांजन खाली ठेवून विचारलं की काही सांगायचंय का. म्हटलं, घसा बसलाय.

२ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी ८
थोरली नाही, हे नक्की. थोरली त्या दिवशी दुसऱ्यांदा उडवली आणि बाजूला ठेवली. म्हणजे मधली.

सकाळी ११
किंवा धाकटी.
खरं तर घाबरण्यासारखं काही नाही. गज नळीत सोडायचा. रिकामी असेल तर ठणकन तळाला लागतो, भरलेली असेल तर दोन बोटं आधीच थांबतो. दोन मिनिटांचं काम. पण आसावरी बेसमेंटमध्येच काम करते, कपाटापासून चार पावलांवर. गज सोडताना पाहिलं तर विचारणारच. शनिवारी ती देवळात गेली की करून टाकतो.

४ ऑक्टोबर, शनिवार
पाऊस. रेंज बंद. आसावरी देवळात गेली नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
कपाटात नळ्यांची तोंडं वर असतात. वर अनिकाची खोली. ती मॅडिसनला कॉलेजात असते, खोली रिकामी आहे, तरी बरं वाटेना. कपाट सरकवलं. आता वर गॅसची शेगडी. तिथे आसावरी उभी असते. पुन्हा सरकवलं. आता वर फक्त डिशवॉशर.
पाठ धरली. दोन आठवडे रेंज कॅन्सल.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
कुकरची शिट्टी झाली आणि मी खाली बसलो. आसावरीने विचारलं काय झालं. म्हटलं, पाठीचा व्यायाम.
ड्राइव्हवेवर फुलबाज्या लावायलाही नको म्हटलं. ती म्हणाली की तुला आगीची भीती कधीपासून वाटायला लागली? मी फराळाचं ताट उचलून आत आलो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
टीमला प्रेझेंटेशन दिलं. मुख्य मुद्दा: चूक कळली की त्याच दिवशी कळवा, कोणी खाणार नाही. फीडबॅक उत्तम. एका मुलीने विचारलं की कळवायला उशीर झाला असेल तर काय करायचं. वेळ संपली होती.
संकल्प: उद्या गज सोडून बघायचा, आसावरी समोर असली तरी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आसावरी समोर होती.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळी ५
थँक्सगिव्हिंग. अनिका घरी. रूममेटला दाखवायला बंदुकीबरोबर फोटो हवा म्हणाली. मी म्हटलं, स्नोमध्ये काढू, बाहेर छान दिसेल. तिला बंदूकच हवी होती. थोरली उचलली, लांब आहे म्हणून. विचारलं की डॅड, इज इट लोडेड? मी म्हटलं, ऑफ कोर्स नॉट. थोरली तर नाहीच, हे २ ऑक्टोबरला लिहून ठेवलेलं आहे. रेकॉर्डचा फायदा हा.
फोटो आसावरीने काढला. मी अनिकाच्या मागे उभा. तिने बंदूक खांद्याला लावली आणि सरळ फोनवर रोखली, म्हणजे आसावरीवर. आसावरी बाजूला झाली नाही. फोनच्या वरून माझ्याकडे बघत होती. अनिकाने घोडा मागे ओढला, टक आवाज झाला. माझा हात पुढे गेला. मग अनिकाने घोडा सावकाश खाली घेतला आणि म्हणाली, आई, दाखव ना.
टोपी नव्हती. टोपी मी त्याच दिवशी काढली होती. ती खिशातच असणार.
जेवण गेलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार, संध्याकाळी ६
उद्या क्लबचं वर्षअखेरचं शूट. दोन महिने गेलो नाही, आता गेलो नाही तर कर्ट फोन करेल आणि फोन आसावरी उचलेल.
कुठली न्यायची? मधली संशयास्पद. धाकटी जास्त संशयास्पद, कारण तिच्याकडे बघवत नाही. थोरली गेल्या आठवड्यात माझ्या मुलीच्या हातात होती, म्हणजे सुरक्षित आहे हे सिद्धच झालं. थोरली न्यायची. बाकीच्या दोघींचं बर्फ वितळल्यावर बघू.
गज सोडून बघायची गरज नाही. रिकामी आहे हे माहीत असताना बघणं म्हणजे स्वतःवरच संशय.

६ डिसेंबर, शनिवार, दुपारी १
उणे नऊ. हात गार. थोरलीत दारू ओतली, गोळी ठेवली, गज मारला. टोपी बसवताना दोनदा पडली. डोळे मिटून चाप ओढला.
बार स्वच्छ. वर्तुळाच्या आत. म्हणालोच होतो.
मग कर्ट दोन कॉफ्या घेऊन आला. म्हणाला की तुझ्या बायकोने दिलेला तो चिवडा फार छान होता, पण त्यावर दूध प्यावं लागलं. मी विचारलं, कधीचा चिवडा? तो म्हणाला, तुमच्या त्या सणाच्या आधी, सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी. पूजेसाठी बंदुका काढताना आसावरीला लाल पट्टी दिसली, तिने क्लबला फोन केला. कर्ट घरी येऊन गोळी आणि दारू काढून गेला. वीस मिनिटं लागली. त्याला वाटलं होतं, मीच सांगितलं असेल.
कुठली होती, असं विचारलं. त्याने तीन बोटांनी माझ्या हातातल्या थोरलीवर टकटक केलं.
मग न विचारताच सांगितलं की त्याची दोन बोटं अशीच गेली. भरलेल्या नळीत पुन्हा भरली होती. तिसाव्या वर्षी, स्वतःच्या गोठ्यामागे. मग म्हणाला की रॉबी, कॉफी सांडतेय.

७ डिसेंबर, रविवार, सकाळी १०
तिन्ही कर्टकडे दिल्या. आसावरीनेच गाडीत ठेवल्या, मी दार धरलं.
काल ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली की तू सांगशील म्हणून आधी शनिवारपर्यंत वाट पाहिली, मग दिवाळीपर्यंत, मग अनिका येईपर्यंत. मी म्हटलं की फोटोच्या वेळी तर तुला माहीत होतं ना, ती रिकामी आहे. ती म्हणाली, मला माहीत होतं. तुला नव्हतं.

फोटो तिने प्रिंट करून फ्रिजवर लावलाय. अनिका छान आली आहे. मागे मी, हात पुढे, तोंड बंद. दूध काढायला गेलं की दिसतो. तो काढू का, असं अजून विचारलेलं नाही.