ताईच्या कॉम्प्युटरचं घड्याळ

३ मार्च, संध्याकाळी ७.१०
ताईचा कॉम्प्युटर रोज सकाळी २०१९ साल दाखवतो. दुकानवाल्याने तिला फोनवरच सांगितलं म्हणे, आतला नाण्याएवढा सेल संपलाय. न बघता निदान करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. आधी बायॉसची सेटिंग्ज तपासायला हवीत. बारा तारखेला तिला प्रबंध द्यायचाय. शेवाळावरचं चार वर्षांचं काम, सगळं या मशीनमध्ये. तिने विचारलं, आधी बॅकअप काढू का? मी म्हटलं, बायॉस हा विंडोजच्याही आधीचा भाग, तिथून फायलींना हात लागत नाही. तिने हातातला पेन ड्राइव्ह परत ड्रॉवरमध्ये ठेवला. पटलं असावं.
नियम: एका वेळी एकच बदल. आधीचं सेटिंग लिहून ठेवायचं.

४ मार्च
बायॉसमध्ये शिरायला डिलीट दाबायचं. नाही, एफ टेन. अकराव्या प्रयत्नात एफ टू. आईने विचारलं, दार उघडेना का? तारीख दुरुस्त केली. काम झालं.

५ मार्च
२०१९. आई म्हणाली, तुझी कॉम्प्युटरची डिग्री बघून ते सात वर्षं मागे पळालं.
फास्ट बूट: चालू होतं, बंद केलं.

६ मार्च
२०१९. आज चार बदल एकदम केले. नियम नवशिक्यांसाठी असतात. पंखा आता सतत पूर्ण वेगात फिरतो. म्हणजे मशीन प्रतिसाद देतंय.

८ मार्च, संध्याकाळी ६.००
ताई म्हणाली, एवढासा सेल आहे गं, बसव आणि मोकळी हो. मी म्हटलं, मला मुळाशी जायचंय.
मॅन्युअल, पान ६१: सिक्युरिटी चिप क्लिअर करणे. तिच्यात साठवलेल्या जुन्या किल्ल्या, म्हणजे पासवर्डसारखे आकडे, पुसल्या जातात. जुनी तारीखही तिथेच अडकलेली असणार. स्क्रीनने विचारलं, नक्की का? मला शंका नव्हती. यस.

६.२०
निळा स्क्रीन. अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागतोय. गेल्या वर्षी सुरक्षेसाठी डिस्क मीच लॉक केली होती. काळजीचं कारण नाही. किल्लीची फाइल जपून ठेवली आहे, 'अतिमहत्त्वाचं' नावाच्या फोल्डरमध्ये.

६.३५
फोल्डर त्याच डिस्कवर आहे.

१० मार्च
दुकानवाल्याने सेल बदलला. दोन मिनिटं लागली. घड्याळ बरोबर. डिस्क त्याने दोन तास बघितली. म्हणाला, उघडणार नाही, कुलूप लावणारा माणूस हुशार असला पाहिजे. बाहेरच्या माणसाकडून कौतुक क्वचितच मिळतं.

१२ मार्च
विद्यापीठाने ताईची मुदत आधीच दोनदा वाढवली होती. तिसऱ्यांदा नाही म्हणाले. तिच्या गाइडकडे पहिल्या दोन प्रकरणांच्या जुन्या छापील प्रती आहेत. उरलेली सहा पुन्हा लिहायची, नाव पुन्हा नोंदवून.
तिने माझा लॅपटॉप मागितला. मी लगेच दिला. वर सुचवलं, या वेळी बॅकअप रोज घेत जा. तिने एकच अट घातली: लॅपटॉप ती स्वतः सुरू करेल, आणि तोपर्यंत मी खोलीबाहेर थांबायचं.
थांबले आहे.