पट्टा घातलास ना?

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तू चिडतेस, मला म्हातारी करून टाकलीस म्हणतेस, म्हणून मुद्दाम म्हटलं. आज तुला चिडायला पुष्कळ मिळणार आहे, तेव्हा सुरुवात तरी थोडक्यानं व्हावी. भावोजींच्या भुवईचे टाके निघाले, डोळ्याला काही झालेलं नाही, हे तुझ्या फोनवरून कळलं आणि मी शिलाई मशीन थांबवून तशीच बसून राहिले. दारात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला बसा म्हणायचंही सुचलं नाही. बस चालवणाऱ्या माणसाचा डोळा, तोही निवृत्तीला महिना उरलेला असताना! पुढे तू म्हणालीस, वहिनी, त्या माणसाबरोबर तू कसे दिवस काढतेस तुझं तुलाच ठाऊक. तो माणूस म्हणजे तुझा सख्खा भाऊ, ज्याच्याशी तू दवाखान्यातून निघाल्यापासून एक शब्द बोललेली नाहीस. मी फोनवर नुसतं हं हं केलं. त्या हं हंची इतकी लाज वाटतेय की लिहायला बसते आणि पुन्हा उठते.

तुझ्या दादाच्या त्या हौसेच्या, लाकडाच्या छोट्या विमानांना मी जन्मभर नावं ठेवली, हे तू ऐकलंच आहेस. घरभर लाकडाचा भुसा, गोंदाचा वास, आणि इंजिन चालू केलं की शेजारीपाजारी खिडक्या आपटणार. मी त्या नादाला लागले ती एका पट्ट्यापायी. उडवणाऱ्याच्या हातातलं हँडल सुटून जाऊ नये म्हणून ते मनगटाला पट्ट्यानं बांधतात. त्याचा जुना पट्टा विरला होता, नवा मला शिवायला सांगितला. मी दुहेरी शिलाई घालून शिवला आणि हे लागतं तरी कशाला, म्हणून बघायला मैदानावर गेले. झालं, अडकले!

तुला वाटतं तेवढं ते सोपं नाही गं. विमान दोन बारीक तारांना बांधलेलं असतं. मधोमध आपण हँडल धरून उभं राहायचं आणि विमान आपल्याभोवती गोल गोल फिरतं. हँडल वर कललं की विमान वर, खाली कललं की खाली. पहिल्या दिवशी मला अशी गरगर आली की मी गवतातच बसकण मारली, आणि विमानानं नाक मातीत खुपसलं. तुझा दादा हसला नाही. म्हणाला, इकडेतिकडे बघू नकोस, फक्त विमानावर नजर ठेव, चक्कर येणार नाही. मग एकेक शिकवत गेला. उडवण्याआधी तारा ओढून बघायच्या. जवळपास विजेच्या तारा असतील तर विमान पिशवीतून बाहेरच काढायचं नाही. गोलात कुणाला पाय टाकू द्यायचा नाही. तार ढिली पडली तर मागे सरायचं, पुढे कधीच नाही. माझ्यामागे उभा राहून, माझ्या हातावर हात ठेवून तो उडवायचा. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं इतका वेळ माझा हात धरलेला मला आठवत नाही. हसू नकोस.

आणि दर वेळी, न चुकता विचारायचा, पट्टा घातलास ना? गॅस बंद केलास ना, कुलूप ओढून बघितलंस ना, त्याच सुरात. तुला माहीत आहे, या सुराची मला कशी तिडीक जाते ते.

त्या रविवारी तुम्ही दोघं आलात ते मला बघायला. खरं सांगते, मला मिरवायचं होतं. मैदानाची किल्ली सांभाळणारे घड्याळजी हातात धरलेलं विमान उडायला सोडून शेडकडे वळले. तू गाडीतून डबे काढत होतीस, भावोजी बाकावर चहा ओतत होते, त्यांची आमच्याकडे पाठ होती. मध्ये आम्ही दोघं एकामागे एक, म्हणजे हँडल कुणाच्या हातात आहे ते लांबून कुणाला कळणार? त्याआधी त्यानं विचारलं होतं, पट्टा घातलास ना? मी खेकसले, हो! घातला नव्हता. तो आवळायला वेळ लागतो, इंजिन सुरू झालं होतं, आणि मला घाई सुटली होती. बाही लांब, त्यामुळे त्याला दिसलं नाही. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला आणि दोन फेऱ्यांनी माझ्या हातावरचा हात काढला.

पहिल्यांदाच मी एकटी उडवत होते. वारा आला, तारा ढिल्या पडल्या आणि मी मागे सरायचं सोडून पुढे धावले. तारा पुन्हा ताणल्या तेव्हा असा हिसका बसला की घामट हातातून हँडल निसटलं. पट्टा असता तर माझं मनगट दुखलं असतं, एवढंच. विमान सुटलं ते थेट बाकाकडे, आणि आवाजानं भावोजी वळले तसं त्यांच्या भुवईवर आदळलं. तू आणि घड्याळजी धावत आलात तोवर तुझा दादा माझ्यापुढे येऊन उभा राहिला होता. माझ्या हातून सुटलं, म्हणाला, मी पट्टा घातला नव्हता.

मी नुसती गप्प राहिले असते तरी एक वेळ चाललं असतं. दवाखान्यात तू त्याला म्हणालीस, माझ्या घराची पायरी चढू नकोस, आणि तेव्हा मी तोंड उघडलं. काय म्हणाले आठवतंय? कितीदा सांगितलं यांना, ऐकतील तर शपथ! तू माझ्या गळ्यात पडून रडलीस. तो माझी पर्स हातात धरून समोर उभा होता. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, असू दे म्हटल्यासारखी. वन्सं, त्या क्षणाची मला अजून शिसारी येते, माझी मलाच.

घड्याळजींनी त्याला मैदान बंद केलं. त्यानं विमानं कपाटावर ठेवून वर जुनी चादर टाकली. काल मी घड्याळजींच्या दुकानात जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा लावलं आणि कामाला लागले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आज तुझं पाकीट आलं. भावोजींच्या निवृत्तीचं जेवण, आणि वर नाव फक्त माझं. ते दारातून त्यानंच आणून दिलं. तू जा, म्हणाला, मी घरी थांबतो, भावोजींना एखादा चांगला शर्ट शिवून ने. मग मला राहवेना. म्हटलं, आजच्या आज तिला सगळं सांगते. तर म्हणतो कसा, वेडी आहेस का? मी तिचा भाऊ आहे, माझ्यावरचा राग आज ना उद्या उतरेल. तुझ्यावर बसला तर उतरायचा नाही. आणि तुला तिच्यावाचून आहे कोण? एवढ्यासाठी तो गप्प होता गं. मला मैत्रीण राहावी म्हणून बहीण गमावून बसला होता. आता तो स्वयंपाकघरात भांडी घासतोय आणि मी त्याला न सांगता लिहितेय. जेवणाला मी येत नाही, माझ्या जागी त्याला बसव. त्याचं म्हणणं खरं ठरून तुझा राग नाही उतरला, तर मी तो सोसेन. पण त्याला तू स्वतः फोन कर. आजच कर.

तुझीच, अजून तसं म्हणू देशील तर,
वहिनी