ज्याला पट्टा, ते झाड जाणार

१० मे, शनिवार
आज पण हात हलवत परत. पहाटे क्लेटनहून निघालो, दोन तास गाडी, मग मचाणावर बाबा आणि मी, मधे थर्मास. सांबराची एक मादी आणि तिचं पिल्लू अगदी खालून गेले. पण त्या मादीवर बंदूक धरायची नाही, हे बाबांनी केव्हाच ठरवून टाकलंय. 'पिल्लू पिऊन राहिलं अजून.' अजिबात पीत नाही, चांगलं घोड्याएवढं झालंय. पण वाद कोण घालणार. वाद घातला की जनावर पळतं.

नर दिसला नाही. फ्रीजरमध्ये मागच्या वर्षीच्या सांबराचं एकच पाकीट उरलंय. माझ्या नवऱ्याला, नितीनला, त्याचं काही नाही. 'तुझे वडील, तुझी बंदूक, तुझं जंगल, मला फक्त रस्सा झाला की हाक मार.'

येताना गाडीत बाबा बोलत होते. सलग. घरी आठवडाभर मिळून एवढं बोलत नाहीत.

१३ मे, मंगळवार
शिफ्टमध्ये, दोन पेशंटच्या मधे, ट्रेव्हरचा मेसेज. हा आमच्या हंटिंग क्लबचा सेक्रेटरी. लाकूड कंपनीकडून पाईनचा ब्लॉक क्लबने लीझवर घेतलाय तो याच्याच खटपटीने. तर म्हणे कंपनी जूनपासून आमच्या coupe मध्ये तोड सुरू करणार. सगळ्यांनी आपापले ट्री-स्टँड (मचाणं) बघा.

किती तोडणार? सगळं, की थोडं? ते लिहिलेलं नाही. विचारलं तर 'विल गिव्ह देम अ बझ, मेट.' हा बझ, म्हणजे फोन, कधी देणार देव जाणे.

दुपारभर अल्ट्रासाउंडच्या स्क्रीनकडे बघत होते आणि डोक्यात आमच्या मचाणाजवळचा तो ओढा. ब्लॉक गेला तर बाबांचं काय, हा एकच विचार.

आई गेल्यावर त्यांना चंद्रपूरहून आणलं, ते आधी नुसते खिडकीशी बसायचे. शेजाऱ्यांचे कचऱ्याचे डबे कोणत्या वारी कुठल्या रंगाचे बाहेर येतात, एवढंच त्यांना या देशातलं माहीत होतं. मी लायसन्स काढून सांबर मारते हे कळलं तेव्हा चार दिवस बोलले नाहीत. बरोबरच आहे. फॉरेस्टमध्ये वनपाल होते, अख्खी नोकरी शिकारी पकडण्यात गेली, आणि पोटची पोरगी ही अशी. पाचव्या दिवशी म्हणाले, 'इथं सांबर आहे? खरंच सांबर? दाखव.'

तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी. बंदुकीला हात लावत नाहीत. माग काढतात, वारा बघतात, मला दटावतात. मागे कुणीतरी त्यांना सांगितलं की ही सांबरं पूर्वी आपल्याकडूनच बोटीने आणली. त्यावर बाबा, 'म्हणजे यांना पीआर भेटला, कायमचं राहाले. मलेच नाही.'

रात्री मेसेज वाचून दाखवला. मी coupe ला गाडीसारखं कूपे वाचलं.
'कूप,' बाबा म्हणाले. 'कूप पडणार म्हणून राहिला तो.'
'तुमच्याकडे पण हाच शब्द?'
'हाच तर शब्द! तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा म्हणजे कूप. कूपतोड. मी किती कूप पाडले माझ्या हातानं.'
एकदम ताठ बसले. मला पण बरं वाटलं. कुणालातरी काहीतरी कळतंय.

१७ मे, शनिवार
आज बंदूक नेलीच नाही, फक्त पाहणी. बाबा पुढे, मी मागे. झाडांना गुलाबी रंगाचे पट्टे मारलेत. मधेमधे ज्या जुन्या निलगिरी आहेत त्या सगळ्यांना, आणि ओढ्याकाठच्या रांगेला. बाकी पाईन कोरा.

बाबांनी हात लावून रंग बघितला, चारी बाजूंनी फिरले, मग हसले. किती दिवसांनी.

'विरळणी आहे. कूप नाही पाडत पूर्ण. जुनाट झाडं काढतील, पाईनला उजेड भेटेल. ज्याला पट्टा, ते झाड जाणार. बाकी जागच्या जागी.'

'नक्की?'

'मार्किंग मले शिकवते का तू?'

नाही शिकवत. शब्द एकच, म्हणजे पद्धतही एकच असणार, असंच वाटलं मला. का वाटू नये? ट्रेव्हरला तिथूनच मेसेज टाकला, 'रिलॅक्स, इट्स ओन्ली थिनिंग. माय डॅड वॉज अ फॉरेस्टर.' त्याचा अंगठा आला. कंपनीला फोन करायचं काम वाचलं त्याचं.

फक्त एक झालं. आमचं मचाण ज्या निलगिरीवर आहे तिला पण पट्टा. म्हणजे मचाण हलवावं लागणार.

२४ मे, शनिवार
कंबर गेली. दोघांची सीट असलेलं ते लोखंडी शिडीचं धूड, त्याला इथे ट्री-स्टँड म्हणतात. बाबांमुळे सगळा क्लब आता 'मॅचन' म्हणतो. निलगिरीवरून उतरवलं, ओढत नेलं, ओढ्याच्या अलीकडे एका जाड पाईनला बांधलं. कोरा पाईन. बाबांनी तीनदा फिरून खात्री केली की पट्टा नाही.

आमची लेक ईरा सोबत आली होती, फोनमध्ये डोकं घालून. 'व्हाय कान्ट यू गाइज जस्ट बाय मीट?' आजोबांनी तिला मादीच्या खुराचा ठसा दाखवला. ती खाली बसून बघत राहिली, मग फोटो काढला. हे पण काही कमी नाही.

निघताना बाबा जुन्या निलगिरीपाशी गेले आणि खोडावर हात ठेवून उभे राहिले. निरोप घेत असावेत. मी गाडीत हॉर्न वाजवला, उगीच.

२९ मे, गुरुवार
बाबांचं परतीचं तिकीट ऑगस्टअखेरचं. मी म्हणतेय राहा, व्हिसा वाढवू, पुढचं पुढे बघू. ते हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. आज जेवताना नि. ने सरळ विचारलं, 'बाबा, काय ठरलं?'

'पाहू. थंडीत इथले नर कसे ओरडतात ते आयकायचं आहे मले.'

नि. ने माझ्याकडे बघितलं. मी पोळीकडे. मनात म्हटलं, ओरडा रे बाबांनो, कितीही ओरडा.

१४ जून, शनिवार
ब्लॉक बंद. गेटला साखळी, मशीन चालू आहेत म्हणून आत कुणी जायचं नाही. बाहेर लाकडाचे ट्रक, एकामागून एक, लांबच लांब. मी बाबांना म्हटलं, विरळणीला एवढे ट्रक?
'तुमच्या देशात सगळंच मोठं.'
माझ्या देशात. बरं.

ट्रेव्हरला फोन केला, उचलला नाही.

५ जुलै, शनिवार
गेट उघडं. वळणावरून वर आलो आणि मला आधी वाटलं रस्ता चुकले.

काहीच नाही. एवढंच लिहिता येतंय. डोंगर केस भादरल्यासारखा. खोडांचे बुंधे, चिखलात मशीनचे चर, आणि सगळीकडे तोडलेल्या फांद्यांचे ढीग, कमरेएवढे, पाय टाकला की आत जातो. चालताच येत नाही, शिकार कसली करताय. ओढा लांबूनच दिसतोय, पूर्वी फक्त ऐकू यायचा.

आणि मधेमधे उभ्या आहेत त्या निलगिरी. पट्टेवाल्या. सगळ्याच्या सगळ्या. ओढ्याकाठची रांग पण तशीच.

पट्टा ठेवायच्या झाडांना होता. बाकी सगळं तोडायचं होतं.

बाबा गाडीतून उतरले नाहीत. मी एकटी गेले. मचाण सापडलं फांद्यांच्या ढिगात, पाईनबरोबर आडवं झालेलं, शिडी वाकलेली. जुनी निलगिरी तिथेच उभी, मचाण आवळून बांधलेल्या पट्ट्यांचे वळ अजून खोडावर. इतका राग आला. कुणाचा, ते कळेना. कंपनीचा, ट्रेव्हरचा, त्या गुलाबी रंगाचा. बाबांचा पण. हो, बाबांचा पण आला.

परत आले तर बाबा काचेतून बघत होते. परतीच्या दोन तासांत एकच वाक्य बोलले, वाटेत पाकेनहॅमच्या आसपास.
'मले आता जंगल वाचता येत नाही, मीनू.'
मी रेडिओ बंद केला.

६ जुलै, रविवार
खिडकी. डबे.

९ जुलै, बुधवार
ट्रेव्हर शेवटी फोनवर भेटला. 'पिंक मीन्स कीप, मेट. ऑलवेज हॅज.' मग आधी का नाही सांगितलंस? 'यू सेड युअर डॅड रेड इट.' हे पण खरंच. पण सेक्रेटरी कोण आहे? भांडले चांगलीच. शेवटी तो म्हणाला, त्याचे दोन स्टँड पण गेले. त्याने काढलेच नव्हते, माझ्या मेसेजवर विसंबून. मग फोन ठेवला.

जनावरं गेली पलीकडच्या खाजगी रानात, तिथे आपल्याला परवानगी नाही. लीझ चालूच राहणार. म्हणजे हक्काची शिकारीची जागा आहे, शिकार नाही.

१२ जुलै, शनिवार
बाबा स्वतःहून बोलले, चहाच्या वेळी. म्हणजे खुललेच जरासे.

'मीनू, कूप पडला की दोन पावसाळ्यांत काय होते माहीत आहे? गवत येते. कोवळी फूट येते. सांबर कुठून कुठून येते चरायला. आमच्याकडे जुन्या जंगलात दिसत नव्हते एवढे नव्या कुपात दिसत. तुझ्या त्या निलगिरीवर बसलं ना, सगळा डोंगर समोर. लपायला जागा नाही त्याले.'

दोन पावसाळे. मोजत होते मनात, स्पष्ट दिसत होतं. मी पण मोजले. दोन वर्षं बाबा इथे.

लगेच ट्रेव्हरला विचारलं. खोलीत जाऊन, दार लावून. तो म्हणाला बाकी रानात होतं तसं, युअर डॅड इज राइट. पण हे प्लँटेशन आहे. कंपनी आधी औषध फवारते, गवत, ब्लॅकबेरी, सगळं मारते, मग पाईनची रोपं लावते. रोपं खाऊ नयेत म्हणून जनावरं पण जवळ नको असतात त्यांना. फवारणी बहुतेक वसंतात. मग काय उगवेल, किती उगवेल, 'हू नोज.'

बाहेर आले तर बाबा ईराला कागदावर काढून दाखवत होते, इथे गवत, इथे निलगिरी, इथे आपण. ती म्हणत होती, 'अँड व्हेअर्स द बेबी?' ती मादीच्या पिल्लाबद्दल विचारत होती.

नाही सांगितलं. जमलंच नाही. पुन्हा एकदा त्यांचं वाचन चुकलं, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

१९ जुलै, शनिवार
बाबांनीच काढलं, चल जाऊन येऊ. वारा असा की कान गळून पडतील. पूर्वी झाडं अडवायची तो.

या वेळी उतरले. काठी घेऊन कडेकडेने फिरले, ओढ्यापर्यंत. माग नाही, लेंडी नाही, काही नाही. एका ठिकाणी बराच वेळ वाकून बघत होते, मी धावत गेले तर टायरचा ठसा. निलगिरीच्या पट्ट्यावर बोट फिरवलं त्यांनी. 'रंग चांगला वापरतात,' म्हणाले.

मग मचाणावरच्या फांद्या उपसायला लागले. मी म्हटलं, बाबा, सोडा, भंगार झालंय ते, कमरेत उसण भरेल.
'दुसऱ्याच्या जंगलात आपलं लोखंड टाकून जायचं नसते.'
दोघांनी ओढून काढलं. गाडीच्या टपावर बांधलं. फ्रीवेवर सगळे माना वळवून बघत होते. सांबर नाही, वाकडी शिडी घेऊन चाललोय, बघा.

२२ जुलै, मंगळवार
शिफ्टवरून आले तर गॅरेजमधून ठोकण्याचा आवाज. बाबांनी शिडी दोन विटांवर आडवी घातलीय आणि हातोड्याने सरळ करतायत. स्वेटरवर नि. चा एप्रन. सीटचं फाटलेलं कापड काढून ठेवलंय, ईराला सुई-दोरा आणायला पिटाळलं होतं.

नि. खूश. स्वयंपाकघरात कुजबुजला, 'थांबतायत म्हणजे! मचाण नीट करतायत.'

मला तसं म्हणवेना. चंद्रपूरचं घर बंद करून इकडे यायचं होतं तेव्हा बाबांनी निघायच्या आदल्या दिवशी मोरीचा नळ बदलला होता. तिथे कुणी राहणार नव्हतं. मी ओरडले होते, कुणासाठी करताय? 'मोडकं ठेवून निघू नये.'

म्हणजे थांबणारा माणूस करेल तेच बाबा निघताना पण करतात. मी काय ओळखायचं?

दारात उभी राहिले थोडी. फवारणीचं आत्ता सांगावं, एकदाचं सांगून टाकावं, असं आलं तोंडापर्यंत. बाबांनी वर न बघता विचारलं, 'तुमच्याकडे वसंत कोणत्या महिन्यात?'

'सप्टेंबर.'

'हं.' आणि परत ठोकायला लागले. ट्रेव्हरशी बोलताना दार लावलं होतं ना मी?

तिकीट ऑगस्टअखेरचं आहे. ट्रॅव्हलवाल्याला या आठवड्यात कळवायचंय, बदलायचं की राहू द्यायचं. शिडीची एक पायरी तुटलीच आहे, ती ठोकून बसणार नाही, वेल्डिंग लागेल. ते त्यांना माहीत नसेल असं नाही. अजून ठोकतायत.