बाबांना न सांगितलेला अहवाल

प्रिय बाबा,

इथल्या बँकेत नोकरी पक्की झाली, एवढंच तुम्हाला सांगितलं. कशामुळे, ते सांगितलं नाही. इंटर्नशिपमध्ये माझ्याकडे बँकेचं कर्ज घेतलेल्या, तोट्यातल्या एका कारखान्याचा अहवाल लिहायचं काम होतं. "कारखाना बंद करावा," असं मी लिहिलं आणि साहेब खूश झाले. नोकरी मिळाली नसती, तर व्हिसा संपून परतावं लागलं असतं.

तुम्ही कामाला होतात तो कारखाना बंद पडल्यावर महिनाभर तुम्ही रोज डबा घेऊन निघायचात. आईला वाटायचं, कामावर जाताय. मी मात्र शाळेतून येताना तुम्हाला बागेत बसलेलं पाहिलं होतं.

आज फोनवर तुम्ही म्हणालात, "तुझ्यासारखी हुशार पोरगी तेव्हा आमच्याकडे असती, तर कारखाना वाचला असता गं."

मी नुसतं "हो बाबा" म्हणाले. हे पत्र टाकायचा धीर होत नाही.

तुमची,
धाकटी